शाब्लीचे पहिले थेंब

रघु मूळचा मोखाड्याकडच्या सूर्यमाळ या आदिवासी पाड्यातला. पण हे जव्हारात कोणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊ नये म्हणून तो जिवाचं रान करी. लहानपणी एका पारशी शेठबरोबर मुंबईला गेला, तिथे हॉटेलात काटेचमचे मांडायला आणि कामापुरतं इंग्रजी बोलायला शिकला. संस्थानाच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर बटलर होऊन आला तो अस्सल मुंबईकर म्हणूनच. बाप जिव्या एकदा बाजारात भेटला, तेव्हा रघुने त्याला बाजूला घेतलं आणि बंगल्यावर ओळख दाखवू नकोस म्हणून बजावलं. जिव्या बरं म्हणाला. कशासाठी, हे त्याने विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात एक इंग्रज पाहुणा आला, तो स्वतःच्या वाईनची पेटी घेऊनच. पांढरी वाईन, नाव शाब्ली. ती गार हवी आणि जव्हारात बर्फाचा पत्ता नाही. रघुने बाटल्या टोपलीत घालून सकाळीच विहिरीत सोडल्या होत्या.

दुपारी साहेबाबरोबर संस्थानाचे कारभारी जेवायला बसले. तळलेला नदीचा मासा आणि त्यावर शाब्लीचा घोट. साहेब खूश होऊन बोलतच सुटला. रघु ते कारभाऱ्यांना मराठीत सांगत होता. ही फ्रान्सच्या थंड मुलखातली. तिथल्या मातीत कधीकाळच्या समुद्राचे शिंपले सापडतात, म्हणून ही अशी आंबटसर, तरतरीत लागते. मासे, कालवं, खेकडे यांच्याशी तिचं छान जमतं, झणझणीत मटणापुढे मात्र तिचं काही चालत नाही. आणि चांगली वाईन आपली माती कधी लपवत नाही, असं साहेब म्हणाला. रघुने तेही न अडखळता सांगितलं. निर्लज्जपणालाही सराव लागतो, आणि रघुला तो होता.

मासे कोणी आणले, असं साहेबाने विचारलं. कारभाऱ्यांनी त्या माणसाला आत बोलावलं, आणि दारातून गुडघ्यापर्यंत चिखल लागलेला जिव्या आत आला. त्याने रघुकडे पाहिलंसुद्धा नाही. दिलेला शब्द तो पाळत होता.

साहेबाने त्यालाही एक पेला द्यायला लावला. जिव्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि ही कुठची, म्हणून विचारलं. लांबच्या डोंगरातली, कारभारी हसत म्हणाले. मग घरी पहिल्या घोटाआधी करतात तेच जिव्याने केलं. पेला तिरका केला आणि पहिले थेंब खाली सोडले.

"त्या डोंगराच्या धरतरीला," तो म्हणाला. "मंग आमच्या माघीला."

माघी म्हणजे रघुची आई. तिला जाऊन तीन पावसाळे झाले होते, आणि रघु मातीलाही गेला नव्हता.

थेंब गालिच्यावर पडले. हा काय म्हणाला, साहेबाने कुतूहलाने विचारलं. रघुने खरं सांगितलं असतं, तर मातीचं एवढं कौतुक करणारा तो माणूस कदाचित आदराने खुर्चीवरून उठला असता. पण कारभारी बघत होते. वेंधळा आहे, हात थरथरला म्हणतो, असं रघुने इंग्रजीत सांगून टाकलं. तेवढ्यावर भागलं नाही. तो जिव्यावर खेकसला, "अक्कल आहे का रे? कुठून आलास?"

"सूर्यमाळहून, मालक," जिव्या म्हणाला. "चुकला. आमाला ठावं नाय."

त्याने खांद्यावरच्या फडक्याने गालिचा पुसला, पेला तसाच ठेवला आणि तो निघून गेला. रघु पुन्हा वाढायला वळला. वाढताना आपल्या हातांकडे बघायचीही त्याला लाज वाटत होती.

जेवणं आटोपली. स्वयंपाकघरातल्या गौराने पानात बांधलेलं काहीतरी त्याच्यापुढे ठेवलं. आत भाजलेले खेकडे होते, लहानपणी तो ज्यांच्यासाठी हट्ट धरून रडायचा, तेच.

"तो मासेवाला देऊन गेला तुम्हाला," गौरा म्हणाली. "मी विचारलं, बटलर तुझा कोण लागतो? तर म्हणाला, कोनी नाय."

रघु तसाच फाटकाकडे धावला. जिव्या मोखाड्याच्या रस्त्याला लागला होता, पण हाकेच्या टप्प्यात होता. बा, एवढंच म्हणायचं होतं. फाटकावर दोन शिपाई विड्या ओढत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"ए सूर्यमाळवाल्या," रघुने हाक मारली.

जिव्या थांबला. वळला. मालकाला करतात तसा त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुढे चालू लागला.