भिंतींना गोवर

सोमवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या भिंतींना गोवर आला. पहिल्यांदा समोरच्या शेवंताकाकूंच्या घराला. रस्त्याकडच्या भिंतीवर तांबडं, बारीक पुरळ, हात लावला तर चटका बसेल असा ताप, आणि मधूनच भिंत खोकायची. खोकली की चुन्याची भुकटी उडायची. मला तर काय करू नि काय नको असं झालं! लग्न होऊन आले तेव्हापासून या गल्लीत एवढं काही घडलंच नव्हतं.

"बाई आल्यात घरी," शेवंताकाकू कुजबुजल्या. "आवाज बारीक ठेवा. फोडण्या बंद."

गोवराला आमच्याकडे रोग म्हणत नाहीत. ती देवी, घरी आलेली पाहुणी. दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले आणि अख्खी गल्ली दहीभात घेऊन दर्शनाला लोटली. मीही गेले, दहा महिन्यांच्या रेवाला कडेवर घेऊन. काकूंच्या भिंतीला कपाळ टेकायचं आणि घरी येऊन तेच कपाळ आपल्या भिंतीला टेकायचं, म्हणजे देवीचा आशीर्वाद घरात येतो. आला. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला पुरळ उठलं.

मग तापलेल्या भिंती सुजायला लागल्या. आधी गल्लीतून रिक्षा जाईना, मग सायकल जाईना. आम्ही बायका खिडक्यांतून एकमेकींना वाट्या देत होतो आणि खिदळत होतो.

तेवढ्यात सिस्टर आल्या. खांद्याला लशीची निळी पेटी.

"कोण कोण राहिलंय टोचायचं?"

"देवीला सुई टोचता व्हय?" काकू कडाडल्या. "टोचलेल्या घराला पुढं खोली निघत नाही म्हणं!"

"ताप चढलाय त्याला मी काही करू शकत नाही," सिस्टर म्हणाल्या. "ज्यांना अजून आला नाही, त्यांना टोचते."

आमचे हे माझ्या कानाशी लागले. "ऐकलंस? रेवाला टोचलं आणि पुढं तिला मूलबाळच झालं नाही तर?"

याच भीतीने आम्ही तिची लस लांबवली होती. मी रेवाचं अंग चाचपलं. गार होतं. खोली मात्र इतकी आवळली होती की पलंग उभा करून ठेवावा लागला होता. पलंगामागची भिंत वाकली आणि रेवाच्या तोंडावरच खोकली.

"अहो, आधी पोरगी तर राहू दे!" मी ओरडले.

खिडकीची आता फटच उरली होती. मी रेवाचा दंड तिच्यातून बाहेर काढला आणि वरच्या बाजूला डोळा लावला. "सिस्टर, इकडं! आधी इकडं!"

"आधी आमचा नातू!" समोरून काकूंचा आवाज आला.

गल्लीतल्या प्रत्येक फटीतून एकेक चिमुकला दंड बाहेर आला होता. सिस्टर आडव्या होऊन सरकत होत्या. भिंती एकदम खोकल्या आणि पेटी मध्येच अडकली. सिस्टरनी जागच्या जागी झाकण उघडलं. थंड वाफ निघाली, तसे सगळे दंड तिच्या दिशेने लांब होऊ लागले. रेवा माझ्या कडेवर खदखदून हसत होती. तिचा हात माझ्या मुठीतून सरकत सरकत बाहेर चालला होता, आणि त्यावर अजून एकही ठिपका नव्हता.