पापुद्रा

वर्गात ‘मॅडम’ म्हणायचं आणि घरी ‘मावशी’, हे भाचीला कधी नीट जमलंच नाही. वर्गात चुकून तोंडातून ‘मावशी’ निघालं की मागचे बाक फिदीफिदी हसायचे. मावशी कॉलेजात वाळवंटाचं पर्यावरण शिकवायची. भाचीला हा विषय घ्यायचाच नव्हता, पण तिच्या आईनं, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीनं, परस्पर ठरवून टाकलं होतं. “मावशीच्या घरी राहशील, तिच्या नजरेखाली शिकशील. माझ्या जिवाला घोर नको.”

मावशीचा जीव मात्र दुसरीकडेच अडकलेला होता. “दुधावर साय धरावी तसा वाळवंटातल्या मातीवर काळसर पापुद्रा धरतो,” ती वर्गात सांगायची. “शेवाळ, बुरशी, सूक्ष्मजीव, सगळे मिळून मातीचे कण आवळून ठेवतात. वाळू उडत नाही, ओल टिकते, बी रुजतं. पण एक पाऊल पडलं की भुगा. पुन्हा धरायला आपला जन्म पुरणार नाही.” शहराबाहेर अशा जमिनीचा एक तुकडा तिनं तरुणपणीच कुंपण घालून राखला होता. आत ती स्वतःही मांडून ठेवलेल्या दगडांवरूनच चालायची. मुलं त्या तुकड्याला चोरून ‘मॅडमचं लेकरू’ म्हणायची.

त्या वर्षीची अभ्याससहल उन्हाळ्याच्या तोंडावर निघाली. सकाळीच डोळ्यांना झळा लागत होत्या. आत सगळे एकामागून एक दगडांवरून चालले होते. रोपं मोजायची लोखंडी चौकट भाचीच्या हातात होती. तिचा तोल गेला, आणि पाय दगडावरून थेट पापुद्र्यावर पडला. कर्रकन आवाज झाला.

“डोळे आहेत का बटणं?” मावशी ओरडली. “वर्षभर कानात बोळे घालून बसली होतीस? तुझ्या आईला मी आधीच म्हटलं होतं, हे हिच्या आवाक्यातलं नाही!”

या वेळी कुणी हसलं नाही. भाचीनं चौकट हळूच दगडावर ठेवली आणि ती फाटकाबाहेर गेली. गाडीत जाऊन बसली असेल, असं सगळेच धरून चालले.

दुपारी सगळे गाडीपाशी परतले तेव्हा ड्रायव्हरकाका म्हणाले, “इकडे तर कुणीच आलं नाही.” तिची पाण्याची बाटली सीटवर तशीच भरलेली होती.

हाका मारून घसे बसले. शेवटी एक मुलगी टेकाडावर चढली आणि तिथूनच किंचाळली. तुकड्याच्या पलीकडच्या अंगाला, एका काटेरी झुडपाखाली भाचीचा पिवळा शर्ट दिसत होता. तो हलत नव्हता.

“मॅडम, कडेनं गेलो तर ओढ्याची मऊ वाळू लागते,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “गाडी रुतली तर बसलोच. मधून घालू का?”

मधून म्हणजे तुकड्यावरून. पळत निघालेली मुलंही कुंपणाशी थबकून मावशीकडे बघू लागली. मावशीचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

“मॅडम!”

“जा,” ती म्हणाली. “घाला गाडी. अरे, बघताय काय, पळा!”

फाटक मोडून गाडी आत शिरली. मागून मुलं धावत सुटली आणि मुलांच्या मागे मावशी. पायाखाली पापड मोडावेत तसा आवाज होत होता. मावशीनं खाली पाहिलं नाही.

भाचीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. ती काहीबाही बरळत होती. सगळ्यांनी आपापल्या बाटल्या तिच्यावर रिकाम्या केल्या, टॉवेल भिजवून मानेला गुंडाळले आणि तिला गाडीत घातलं. हॉस्पिटलात डॉक्टर एवढंच म्हणाले, “वेळेवर आणलंत.”

संध्याकाळी थोरली बहीण येऊन पोचली. “तुझ्या भरवशावर ठेवली होती गं मी,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून पाठ फिरवून बसली.

भाचीला शुद्ध आली तेव्हा तिनं विचारलं, “मावशी, गाडी कुठून आणलीत?”

“सरळ.”

भाचीला रडू फुटलं. “पापुद्रा पुन्हा धरेल, रडू नको,” असं म्हणायला मावशीनं तोंड उघडलं. पण वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेलं तिला खोटं पाडता येईना. ती नुसती भाचीचे पाय चेपत राहिली. “आता ही का रडतेय?” बहिणीनं विचारलं.

बहीण लेकीला घेऊन गेली. वाऱ्यानं चाकोऱ्यांमधली माती उडायला लागली आणि तुकड्याच्या मधोमध फिकट पट्टे पडले. विभागप्रमुख म्हणाले, “आता चाकोऱ्यांवरच संशोधन करा.” मावशी म्हणाली, “बघू.” ती तिकडे पुन्हा फिरकली नाही. बहिणीला फोन केला की तिकडून “बरी आहे” एवढंच यायचं.

मग एका रविवारी भाचीचाच फोन आला. तिनं गावातल्या कॉलेजात दुसरा विषय घेतला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती थांबली.

“मावशी, वर्गातली मुलं सांगत होती. ड्रायव्हरकाकांनी विचारलं तेव्हा तू गप्प उभी राहिली होतीस. खरं?”

मावशीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “हो.”

“किती वेळ?”

“मला खरंच माहीत नाही गं.”

फोन ठेवला असेल असं मावशीला वाटलं. मग भाची म्हणाली, “आई बाहेर गेलीय, म्हणून केला फोन. पुढच्या रविवारी करीन. करू ना?”

“कर,” मावशी म्हणाली.