दाराचे पाच सेकंद

सत्तेपुढे ताठ मानेनं उभी राहणारी माणसंच इतिहास घडवतात. आमच्या कंपनीत असं माणूस एकच होतं, आणि ते लिफ्टच्या दाराचा कोड सांभाळायचं.

त्यांना सगळे दारवाल्या बाई म्हणत. लिफ्टचं सॉफ्टवेअर हा एक अवाढव्य प्रकल्प. त्याच्या पोटात अकरा उपप्रकल्प, त्यांतल्या काहींच्या पोटात आणखी पोरंबाळं. वेग एकाकडे, बटणं दुसऱ्याकडे, दार बाईंकडे. दार किती वेळ उघडं राहायचं, हा आकडा बाईंच्या हद्दीत होता. पाच सेकंद.

नवे संचालक आले तेच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. "दार तीन सेकंदांत मिटलं पाहिजे," ते म्हणाले. "आणि हे अकरा वेगळे संसार बंद. सगळा कोड एका छपराखाली आणा."

दहा जणांनी दुपारच्या चहापर्यंत आपापली बिऱ्हाडं हलवली. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"माझं दार मी देणार नाही."

"अहो बाई, एका आकड्याचा तर प्रश्न आहे!"

"तो आकडा माझ्या सासूबाईंचा आहे. वॉकर घेऊन आत शिरायला त्यांना पाच सेकंद लागतात. मोजलेत मी. तिसऱ्याला दार लागलं तर वॉकर आत आणि सासूबाई बाहेर."

"तुमच्या सासूबाईंसाठी कंपनी चालवायची का आम्ही?"

"म्हातारं माणूस प्रत्येक घरात असतं, साहेब. नसलं तर थोडं थांबा, आपणच होऊ."

साहेबांनी नोकरीची आठवण करून दिली. बाईंनी पर्समधून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. गेल्या तीन संचालकांपासून तोच चालू होता. बाई फक्त तारीख बदलायच्या.

"ठीक आहे. मीच बदलतो," साहेब म्हणाले.

"बदला की. पाच खोडा, तीन लिहा. फक्त कुठल्या ओळीला कोणी हात लावला, ते इथे कायमचं नोंदलं जातं. नाव, तारीख, वेळ. उद्या कुणाचं बोट दारात सापडलं, की सगळे आधी तीच ओळ उघडून बघतील."

साहेबांची बोटं कीबोर्डपर्यंत आली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी चाचणी विभागातल्या काकांना हाक मारली. काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"काका, एवढा बदल करून टाका बरं."

"चष्मा घरी राहिलाय, साहेब," काका म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

संध्याकाळी पत्रक निघालं: सखोल विचारांती पाच सेकंद कायम, दाराचा उपप्रकल्पही स्वतंत्र. टाळ्या वाजल्या. राजीनामा पर्समध्ये परत गेला.

दुसऱ्या दिवशी काका, पत्रकाची अंमलबजावणी तपासायची म्हणून, स्टॉपवॉच घेऊन आमच्याच इमारतीतल्या लिफ्टसमोर उभे राहिले. आठ सेकंद. पुन्हा मोजलं. आठच.

त्याचं असं असतं, की मुख्य प्रकल्पात उपप्रकल्पाचा कोड नसतोच. त्याची कितवी आवृत्ती घ्यायची, एवढी एक नोंद असते, आणि ती कुणीतरी हातानं पुढे सरकवावी लागते. दाराची नोंद सहा वर्षांत कुणीही सरकवली नव्हती. बाईंनी आठाचे पाच केले, त्यानंतर शंभरेक सुधारणा केल्या. लिफ्ट मात्र त्याआधीच्याच आवृत्तीवर चालत होत्या.

साहेबांचा चेहरा उजळला. "मग सरकवा ना पुढे! तुमचेच तर पाच आहेत."

बाईंनी कीबोर्ड दूर सारला.

"म्हणजे सासूबाईंचे तीन सेकंद मी कापायचे? माझ्या नावानं? जमणार नाही. तुम्ही सरकवा."

"मी? अजिबात नाही."

दोघांनी काकांकडे पाहिलं. काका चष्मा आणायला घरी गेले होते.

दार आठ सेकंदांनी मिटतं.