शिवराजनं खणलेला चर

"जोर लाव की! देवाला फूल वाहायलीस का?" भामा गाडीखालून ओरडली.

पान्याच्या दांड्यावर चढवलेल्या लोखंडी पाइपावर प्रणिता दोन्ही पायांनी उभी राहिली. चाकाच्या मधला मोठा नट कुरकुरला आणि एकदम ढिला झाला. पोरगी पडता पडता वाचली.

"मम्मी, कुकटपल्लीत मिस्त्री मेले का समदे? मी एक्सल आणले तसा मिस्त्रीबी आणला असता."

"मिस्त्री आला की गावाला कळतं. आणि गावाला कळलं की शिवराजला कळतं. भामाची गाडी मोडली म्हणून त्यानं पेढे वाटावेत, एवढं सुख मी त्याला देणार न्हाई. पाना सरकव."

गाव शंकरपल्लीच्या पुढचं. आरे मराठ्यांची, म्हणजे पिढ्यांमागं इकडं येऊन राहिलेल्या मराठ्यांची, थोडीच घरं. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि शिव्या द्यायच्या असल्या की दखनी. भामाचा नवरा नामदेवराव सिकंदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात. सुट्टीला यायचा, जेवायचा, "जाऊ दे" म्हणायचा आणि परत जायचा. रान भामाच बघायची. वागूच्या पलीकडं तिचा झेंडू होता. वागू म्हणजे तिकडच्या बोलीत ओढा. पाणी गुडघाभर, पण खाली वाळू अशी की म्हैस रुतावी.

रानाकडं जायला खरी वाट होती ती गाडीवाट. ओढ्याला वळसा घालून, नामदेवरावाचा चुलतभाऊ शिवराज याच्या बांधावरून जाणारी. तिच्यामागं गावाची एक रीत होती. दसऱ्याला देवीची पालखी त्याच वाटेनं जम्मीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाकडं सोनं लुटायला जायची, आणि ज्या वाटेनं पालखी गेली ती वाट पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी मोडायची नाही. पण गेल्या दसऱ्याला पुजारी आबासाहेबांच्या घरी सुतक पडलं आणि पालखी निघालीच नाही. शिवराजनं हे बरोबर हेरलं. संक्रांत सरताच त्यानं जेसीबी आणून वाटेत आडवा चर मारला.

"वाट कसली वैनी? पालखी गेली का गेल्या साली? न्हाई ना? मग ते माझं रान हाय," तो दात काढून म्हणाला. "लई त्रास होत असला तर झेंडूचा तुकडा मला द्या. सुटा एकदाच्या."

तेव्हापासून भामाची गाडी ओढ्यातून जायची. चारही चाकं ओढणारी गाडी म्हणून निभलं. पण पलीकडचा चढ वळणाचा. भरल्या गाडीनं, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर चढावं लागायचं. पुढच्या चाकाला ताकद नेणाऱ्या एक्सलची सारी परीक्षा अशाच जागी होते. चाक वळलं तरी ताकद तुटू नये म्हणून एक्सलच्या टोकाशी एका वाटीत पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. वरून रबराचा बूट, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर जातं आणि वाळू आत येते. भामाच्या गाडीची दोन्ही बूट फाटले होते. वळताना पुढून कट्-कट् आवाज यायचा, आणि तो ऐकला की शिवराज बांधावरून हात हलवायचा.

ठोकून, कलवून जुना एक्सल बाहेर आला, त्यामागून काळ्या तेलाची धार. भामानं वाटीत बोट फिरवलं.

"ग्रीस म्हणायचं का ह्याला? कारळाची चटणी झालीय." तिनं एक गोळी पुसून उजेडात धरली. पोलादावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. "बघ. हे शिवराजनं केलंय. हातबी न लावता."

"मग तहसीलला अर्जी देऊ की."

"तहसीलदाराला काय कळतंय? आपली तहसील दसऱ्याला भरती."

नवा एक्सल तिनं दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरला, दाते जुळवले आणि तळहाताचा दणका दिला. आत कडी बसल्याचा टक् आवाज आला. भामानं ओढून पाहिलं. हलला नाही. तेव्हा कुठं ती हसली.

दुसरी बाजूही बसली, तेल भरलं, आणि भामा गाडी घेऊन ओढ्याच्या वाळूत उतरली. स्टिअरिंग पार शेवटाला नेऊन गोल गोल फिरवली. काच खाली, कान बाहेर. इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी नामदेवरावाचा फोन आला. "भामे, भाऊबंदकी वाढवू नगं. जाऊ दे."

"जाऊ देते की," भामा म्हणाली. "दसरा तेवढा होऊ द्या."

दसऱ्याला शिवराज पांढरी पँट, पांढरा शर्ट घालून देवळापुढं हजर. त्याच्या गाडीला केळीचे खांब, आंब्याची डहाळी. आबासाहेबांचं त्यानं आधीच मन वळवलं होतं: खांदेकरी आता म्हातारे झालेत, देवीला गाडीत बसवू, ओढ्यातून पाच मिनिटांत पलीकडं. पालखी ओढ्यातून गेली की गाडीवाट कायमची मेली, हे त्याच्याइतकंच भामालाही कळत होतं. पण ती झेंडूच्या माळा देऊन मिरवणुकीच्या पार मागं आपली गाडी घेऊन निघाली.

"मम्मी, अडव की त्यांना," प्रणिता कुजबुजली.

"वाळू अडवंल."

शिवराजच्या गाडीची मागचीच चाकं तेवढी ओढणारी. ओढ्याच्या मधोमध ती घुरघुरली, वाळू उडवली आणि बुडाला टेकली. डफ थांबले. हौद्यात देवी, आजूबाजूला पाणी. देवीला जम्मीच्या झाडाआधी खाली टेकवायचं नाही, आणि बुडापर्यंत रुतलेल्या गाडीतून पालखी उतरवायला खांदेकऱ्यांना पाय रोवायला जागा नाही.

"भामा," आबासाहेब काठावरून म्हणाले, "तुझी गाडी घाल बाई पुढं. तिच्यात बसवू देवीला. तुझाबी मान होईल."

प्रणितानं आईकडं आशेनं बघितलं. गावात बाईला असा मान कधी मिळाला नव्हता.

"माझ्या गाडीत शेणखत वाहते, आबा. तिच्यात देवी कशी बसवू?" भामा म्हणाली. "ह्यांची गाडी काढून देते पायजे तर."

शिवराजनं खिडकीतून मान काढली. "काढा वैनी! पुढं येऊन ओढा, लौकर!"

भामा पुढं गेलीच नाही. काठावरून गाडी मागं घेत ओढ्याच्या तोंडाशी आणली, तारेचा दोर शिवराजच्या गाडीच्या मागच्या हुकात अडकवला आणि चारही चाकं जोडली.

"अहो उलटं नक्को! पुढं! पुढं ओढा!"

"पुढं माझी गाडी न्हाई भावजी, मागं हाय. स्टिअरिंग सरळ धर. देवी हाय हौद्यात, पडली तर गाव तुला पुरंल."

दोर ताणला. काठाचा चढ इथंही वळणाचाच. भामानं स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पाय दाबला. प्रणिता चाकाशेजारी कान देऊन उभी. वाळू चिरली, गाडी थरथरली, पण पुढच्या चाकांतून एक कट् आला नाही. अख्ख्या गावासमोर शिवराज, त्याची पांढरी पँट, केळीचे खांब आणि देवी पाठमोरे वर आले. भामा थांबली नाही. फाट्यावर वळून गाडीवाटेला लागली, आणि चराच्या तोंडाशी नेऊनच तिनं दोर सोडला.

"आबा," ती उतरून म्हणाली, "देवी खांद्यावरनं जाती. गाडीत बसवली, तिला पटलं न्हाई. दिसलं ना समद्यांना?"

आबासाहेबांनी मान हलवली. खांदेकऱ्यांनी पालखी उचलली.

"पण हितं चर हाय की," एक जण म्हणाला.

"ज्यानं मारला त्यो हितंच हाय," भामा म्हणाली.

सगळे शिवराजकडं बघू लागले. त्यानं खिसा चाचपला. "जेसीबीला फोन लावतो."

"जेसीबीवाला सणाला गावी गेलाय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मग फावडं द्या कुणीतरी!"

"फावडी पूजेत मांडल्यात," आबासाहेब हळूच म्हणाले. "सोनं लुटल्याबिगर अवजाराला हात लावायचा न्हाई. तुला ठाऊक हाय बाबा."

पालखीचं ओझं खांद्यावर चढत होतं. शिवराज गुडघ्यावर बसला आणि चराच्या काठावरचा तांबड्या मातीचा ढीग हातांनी आत ओढू लागला. त्याचा भाचा मदतीला वाकला. भामानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो सरळ झाला. पालखी जाईल एवढी पायवाट भरेपर्यंत शिवराजची पँट कुठं पांढरी होती ते सांगता येत नव्हतं.

पालखी गेली. मागून गाव गेलं, आणि जाता जाता जो तो ओंजळभर माती चरात ढकलत गेला. अंधार पडायच्या आत चर सपाट झाला.

परतीला शिवराज जम्मीची पानं घेऊन आला. नखांत माती, मान खाली.

"वैनी, सोनं घ्या. झालं गेलं..."

"ठेव बॉनेटवर," भामा म्हणाली आणि गाडीत बसली. "आन् बाजूला सर. माती अजून भुसभुशीत हाय, दाबावी लागंल."

तिनं गाडी भरलेल्या चरावरून पलीकडं नेली, तशीच मागं आणली, पुन्हा नेली. दर खेपेला शिवराजला वाटेतून हटावं लागत होतं. काही फेऱ्यांनंतर त्यानं परत वाटेवर येणं सोडलं आणि तो बांधाच्या आत, आपल्याच रानात, पाहुण्यासारखा उभा राहिला. भामानं आणखी एक फेरी मारली.