हंबीर स्मृती चषक, किंचित गळका

टप्.

फाल्गुनातली दुपार. पांगाऱ्यानं आपल्या रक्तवर्णी पाकळ्या अंगणभर अंथरल्या होत्या आणि त्या अंथरुणावर दुपार स्वतःच आडवी झाली होती. उसाचे फड तुटून मोकळे झालेले. गुऱ्हाळाच्या धुराची गोड, जडावलेली रेघ आभाळाच्या निळ्या कपाळावर ओढलेली. वारा निजलेला, पानं निजलेली, शेजारची म्हैस रवंथ अर्ध्यावर सोडून निजलेली. आणि त्या तलम, तांबूस, तुडुंब शांततेत केतकी इंगवलेच्या स्वयंपाकघरात परातीत एक थेंब पडला.

टप्.

केतकीनं श्वास रोखला. परातीत उभा होता कै. हंबीर इंगवले स्मृती चषक. काठोकाठ पाण्यानं भरलेला, टूथपेस्टनं घासून चंद्रासारखा उजळलेला, दोन्ही कान डौलात पसरलेला. आणि गळत होता. नव्या नवरीनं पाहुण्यांसमोर नाक ओढावं तसा हळूच, लाजत, पण गळत होता.

हंबीर तिचा नवरा. माळावरच्या मातीच्या वाटोळ्या ट्रॅकवर मोटरसायकलींच्या शर्यती होतात, त्यातला वेगवेडा, वाऱ्याचा सोयरा. त्या ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडे. डावा पाय मातीत घासत, लाल धुळीची पिसं उधळत, गाडी आडवी टाकून डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. तो निजायचाही डाव्या कुशीवर. त्याची डावी चप्पल दोन महिन्यांत झिजायची आणि उजवी नवीच्या नवी राहायची. केतकीकडे अशा सहा उजव्या चपला अजून आहेत. दान कराव्या, तर घेणार कोण?

शर्यतीच्या गाडीला ब्रेक नसतो. "ब्रेक लावायचा तर तालुक्याला जावं की," तो म्हणायचा, "शर्यतीला कशाला?" आणि शर्यतीच्या गाडीला दिवाही लागत नाही. म्हणून दर शर्यतीच्या सकाळी तो हेडलाइट काढायचा, चुलीशेजारच्या खिळ्याला टांगायचा आणि केतकीला सांगायचा, "बघ हं याच्याकडं, आलोच."

सात वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात शेवटच्या डाव्या वळणावर गाडी गेली, हंबीर गेला. जिजा तेव्हा पोटात होती. घरी राहिला तो खिळ्यावरचा दिवा. अखंड, अबोल, एक ओरखडाही नसलेला. कारण तो गेलाच नव्हता.

त्या दिव्याचा चषक केला दस्तगीर मिस्त्रीनं, हंबीरच्या गाडीला जन्मभर हात लावणाऱ्या मित्रानं. हेडलाइटची वाटी वर, हँडलच्या नळीचा दांडा, खाली दातेरी चक्राची बैठक, आणि क्लच-ब्रेकचे दोन खटके कान म्हणून. ब्रेकचा खटका त्यानं कुठून आणला, ते त्यालाच ठाऊक. वाटीच्या बुडाला एका बाजूनं वायर जायचं भोक होतं, ते त्यानं कथलाचा डाग देऊन बुजवलं.

हा फिरता चषक. जिंकणाऱ्याच्या घरी वर्षभर नांदायचा, शर्यतीच्या सकाळी केतकीकडे माहेरपणाला यायचा, न्हाऊन-माखून संध्याकाळी पुन्हा माळावर. तिथं म्हशीचं ताजं, फेसाळ, धारोष्ण दूध त्यात काढायचं आणि नव्या विजेत्यानं ते उभ्यानं प्यायचं.

बाकी घरोघरी चषकानं पडेल ते काम केलं. एका घरी त्यात सुपाऱ्या राहिल्या, एका घरी दाढीचा ब्रश. एका घरी तर कोंबडी अंड्यावर बसली, आणि पिल्लं निघेपर्यंत चषक परत द्यायला त्या मंडळींनी चक्क नकार दिला. केतकीला प्रत्येक वेळी हसू यायचं. कुणाच्या देवळीत, कुणाच्या फडताळात, कुणाच्या परड्यात, हंबीर फिरत होता. बसून राहणं त्याला जिवंतपणीही जमलं नव्हतं.

पण यंदा तो आला, तो अंबूताईंच्या घरून. गेल्या साली त्यांचा लेक जिंकलेला. टॉवेलात गुंडाळलेला चषक ओट्यावर ठेवत अंबूताई म्हणाल्या, "केतके, तुझ्या मालकांत वर्षभर लोणचं मुरवलं बघ. एक फोड मऊ पडली न्हाई. लई गुणाचं भांडं!"

लोणच्यानं गुण घेतले आणि कथलाचा डागही खाल्ला.

आणि आता परातीत थेंब पडला, नेमके त्याच वेळी शर्यत समितीचे अध्यक्ष बापूसाहेब दारात उभे. इस्त्रीची टोपी, कडक मिशी, मऊ काळीज. पण मिशी पुढे, काळीज मागे. थेंब त्यांनी पाहिला.

"वहिनी, हजार माणूस जमतं. गळक्या भांड्यातनं पाजलं तर हसतील सगळे. नवा आणून ठेवलाय मी. तीन फुटी, सोनेरी, वर पंखांची परी."

"आणि हा?"

"हा समितीच्या कपाटात. मानानं. कुलूप लावून."

केतकीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तिच्या बघण्यापुढे मिशी जरा मावळली.

"बरं, असं करू," बापूसाहेब म्हणाले. "संध्याकाळी दूध टिकलं तर जुनाच. एक थेंब जरी मातीत पडला, तर परी."

कपाट. काळोखाचं, डांबरगोळ्यांच्या वासाचं, कुलुपाचं कपाट. खिळ्यावर टांगलेला दिवा कसा वाट बघत राहतो, ते तिनं आठ महिने पाहिलं होतं. कपाटात तो तेवढंही करू शकणार नव्हता.

तिनं दस्तगीरला फोन लावला. पलीकडे सतरा इंजिनं एका सुरात भांडत होती.

"ताई, शेगडी गावात, कथील गावात, आणि मी हितं माळावर," तो ओरडला. "साबण चोळा भोकात! पेट्रोलची टाकी गळली की आम्ही तेच करतो."

"भाऊ, दूध प्यायचंय त्यातनं! जिंकलेल्याच्या तोंडाला फेस आला तर लोक डॉक्टरला बोलावतील."

"मग ताई, देवाचं नाव घ्या," दस्तगीर म्हणाला आणि इंजिनांत बुडाला.

देवाच्या आधी केतकीला जिजा दिसली. सहा वर्षांची, गुडघ्यांवर खरचटलेली, पोळ्यांच्या कणकेतून एक चिमणी वळत बसलेली. चिमणीला डोळे म्हणून दोन मोहऱ्या.

"जिजा, तुझी चिमणी दे गं जरा."

"कशाला?"

"बाबांच्या कपात तिला घरटं करायचंय."

जिजानं विचार केला, चिमणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दिली. केतकीनं ती भोकात अंगठ्यानं दाबली, दाबली, आणखी दाबली. पाणी भरलं. परातीकडे दोघी बघत राहिल्या. दुपारही कूस न बदलता बघत राहिली.

थेंब नाही.

संध्याकाळी माळ पेटला. मावळतीचा केशरी, ट्रॅकचा तांबडा, फेट्यांचा गुलाबी, आणि या साऱ्यांवर धुळीचा सोनेरी पदर. गाड्या सुटल्या. डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. शेवटच्या वळणाला केतकीनं नेहमीप्रमाणे डोळे खाली घातले आणि चषकात पाहिलं. त्या चकचकीत वाटीत सगळं आभाळ उलटं मावलं होतं. गर्जना जवळ आली, कळस झाली, ओसरली. तिनं गाड्या मोजल्या. सतरा सुटल्या होत्या, सतरा परतल्या. मग तिनं श्वास सोडला.

जिंकला बाजी नावाचा पोरगा, पापण्यांपर्यंत लाल. अंबूताईंचा लेक दुसरा आला. अंबूताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता माझ्या कैऱ्यांचं काय?"

म्हैस आणली. गळ्यात झेंडूची माळ, चेहऱ्यावर प्रमुख पाहुण्यांचा कंटाळा. केतकी आणि जिजानं चषक दोन कानांनी धरला, आणि पहिली धार पडली. शुभ्र, सुगंधी, ऊन ऊन.

ऊन ऊन! केतकीच्या काळजात चर्रर्र झालं. चिमणी गार पाण्याला टिकली होती. कोमट दुधात ती मऊ पडत होती, भिजत होती, विरघळत होती. एक मोहरी तरंगत वर आली आणि केतकीकडे बघू लागली.

टेबलावर तीन फुटी परी पंख पसरून तयार होती.

तेवढ्यात जिजानं खालून हात घातला. काही न विचारता, काही न सांगता. आणि जिथून कधीकाळी उजेडाची तार आत जायची, त्या भोकात तिचं इवलं बोट घट्ट बसलं.

बाजीची पंचाईत झाली. त्याला चषक उचलता येईना, कारण चषकाला एक पोरगी लागलेली. शेवटी तोच गुडघ्यांवर बसला, वाकला आणि वासरासारखा तोंड लावून प्यायला लागला.  मग शिट्ट्या, हलग्या, टोप्या आभाळात.

बापूसाहेबांचीही टोपी पडली. ती उचलायला ते खाली वाकले, आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले. वर आले तेव्हा टोपी वाकडी होती आणि तिच्या टोकावर दुधाचा एक टपोरा थेंब थरथरत होता.

"टिकलं!" ते गरजले. "एक थेंब न्हाई पडला मातीत! जुनाच राहणार!"

परीला कुणीतरी शालीत गुंडाळलं. म्हशीनं शेपटी हलवली. केतकी हसली, हसता हसता पदर डोळ्यांकडे गेला, आणि तो धुळीमुळे गेला असं सगळ्यांनी मानलं.

जिजाचं बोट मात्र निघेना. दस्तगीर साबण घेऊन धावला. अखेर त्याच्या साबणाला काम मिळालं. "दुकानात चल, आत्ताच डाग देतो," तो बाजीला म्हणाला. बोट सुटलं, लाल, सुरकुतलेलं, विजयी. रिकामा चषक बाजीच्या गाडीवर, ओढणीनं बांधून, चालू लागला. दिवेलागणीच्या धूसर वाटेवर तो लुकलुकत गेला, लहान झाला, काजव्याएवढा झाला.

जिजा बोट चोखत बघत होती.

"आई, अंबूआजींकडं झाला, कोंबडीवाल्यांकडं झाला, आता बाजीदादाकडं." तिनं एकेक बोट दुमडलं. "बाबांना कधी मिळणार गं तो?"

माळावर धूळ हळूहळू खाली येत होती. चिमणीची एक मोहरी केतकीच्या तळहातावर राहिली होती. तिनं मूठ मिटली. वाटेवरचा काजवा डावीकडे वळला.