सात कापांचं एन्झाइम

विभागात सगळे त्याला पाठीमागे ‘काप्या’ म्हणायचे. समोर अर्थातच ‘सर’. काप्या जीवरसायनाचा संशोधक होता आणि हाताला लागलेला कुठलाही निष्कर्ष काकडीसारखा पातळ चिरायचा. एका प्रयोगाचे तीन पेपर, जमलं तर पाच. वर प्रत्येक पेपरात आपल्याच आधीच्या पेपरांचा दाखला. आपली पाठ आपणच थोपटायला इतरांचा हात पुरत नाही. काप्याचा आरामात पुरायचा.

त्याची बायको त्याच प्रयोगशाळेत, शेजारच्या टेबलावर काम करायची. फ्रिजमध्ये विसरलेली स्टार्चची खळ एका सकाळी पाण्यासारखी पातळ झालेली तिलाच दिसली. दुसऱ्या कुणी नाक मुरडून सिंकमध्ये ओतली असती. हिने त्यातले जंतू वाढवले आणि त्यांच्यातलं एन्झाइम वेगळं काढलं. गारठ्यात बाकीची एन्झाइमं हातपाय आखडून बसतात. हा पठ्ठ्या मजेत स्टार्च तोडत होता.

“अरे, हे एकदाच अख्खं लिहूया,” ती म्हणाली. “कुठून आलं, काय करतं, थंडीत आखडत का नाही. एक तरी पेपर असा हवाय मला, की वाचून माणूस म्हणेल, हां, कळलं बुवा!”

“अख्खं लिहिलं तर एकच पेपर होतो गं.”

“मग?”

“मग बढतीच्या समितीपुढे काय एकट्यालाच नाचवू त्याला? जरा दमानं घे. तुझंही नाव सगळीकडे येईलच की.”

आणि सुरी चालू झाली. पहिला काप जंतूंचा, दुसरा तापमानाचा, तिसरा मिठाचा, चौथा आंबटपणाचा. पाचवा, एन्झाइमवर कशाकशाचा काहीच परिणाम होत नाही याचा. सहावा पाचव्यातल्या चुकांची दुरुस्ती. सातव्यात आधीच्या सहांचा आढावा.

मधल्या काळात ते थंडीत आखडत का नाही, हेही बायकोने शोधून काढलं. एन्झाइमच्या एका बाजूला ढिली बिजागरी होती, म्हणून ते थंडीतही हलत राहायचं. तिने चित्र काढून दाखवलं.

“झकास!” काप्या म्हणाला. “ही मलई आठव्यात. समिती बसायच्या तोंडावर काढू.”

तिने चित्राची गुंडाळी केली. पुन्हा विषय काढला नाही.

समिती बसायच्या आधीच लांबच्या एका प्रयोगशाळेने अख्खं एन्झाइम एकाच पेपरात मांडलं, बिजागरीसकट. बिचारे प्रामाणिक होते. काप्याच्या सातही पेपरांचा त्यांनी दाखला दिला. तो पेपर असा गाजला, की त्याच्याबरोबर हे सातही जण फुकटात वऱ्हाडी होऊन जगभर हिंडले. काप्याची सायटेशन्स, म्हणजे इतरांनी दिलेल्या दाखल्यांची संख्या, रॉकेटसारखी वर गेली.

“कमाल केलीत, सर!” विभागप्रमुख केक घेऊनच आले. “आलेख बघा, नुसता उभा चढलाय!”

समितीतल्या एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, “ती बिजागरी तुम्हीच शोधलीत ना?”

“हो. म्हणजे नाही. आधी आमच्याकडे... म्हणजे त्यांनी.”

“असू दे, असू दे. आकडे फर्स्टक्लास आहेत.”

बढती मिळाली. काप्या हारतुरे घेऊन घरी निघाला. बायको आता चांगली फैलावर घेणार, असं त्याने धरलंच होतं. रस्ताभर उत्तरं जुळवली आणि दारापर्यंत पोचेस्तोवर सगळी खोटी वाटायला लागली.

ती जेवणाच्या टेबलावर तोच पेपर वाचत बसली होती.

“मिळाली?”

“मिळाली.”

“बरं झालं.” तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. “काय सुंदर लिहिलंय रे यांनी! एक शब्द जास्त नाही.”

ती कडाडली असती तर काप्याला बरं वाटलं असतं.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “तुझं होतं ते. माझ्यामुळे गेलं.”

“हो. गेलं.” तिने शेजारची खुर्ची बाहेर ओढली. “बस. तू तरी कुठे अख्खं पाहिलंयस?”

तो बसला. दोघं एकाच पेपरावर वाकली. इतकी वर्षं ज्याचे काप काढले, ते एन्झाइम सबंध कसं दिसतं हे काप्याला पहिल्यांदाच समजत होतं, आणि तेही परक्यांच्या चित्रात.

“झालं? उलटू पान?” तिने विचारलं.

“थांब,” तो म्हणाला. “अजून बघू दे.”