पालथी बादली आणि टीचभर बाटली

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. विहिरीवरची. अंगावर तीन पोचे आहेत, कडी एकदा बदललेली आहे आणि स्वभाव जरा तिखट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण, मित्रांनो, जी हकिगत मी सांगणार आहे, तिच्यात मी काही फार शहाण्यासारखी वागलेली नाही.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. ठोकून ठोकून त्यानं मला गोल केलं, पाणी गळू नये म्हणून बुडाला डाग दिला आणि दारात टांगलं. एक सुतार आला. त्यानं मला उन्हाकडे धरून आत डोकावून पाहिलं, कुठं भोक नाही याची खात्री केली आणि घरी नेलं. घरात त्याची बायको होती. ती शिवणकाम करायची. पुढे त्यांना मुलगी झाली. तिला सगळे चिमणी म्हणायचे. तिची पहिली आंघोळ माझ्या पाण्यानं झाली, हे मी आजही सगळ्यांना सांगते. ऐकणारं कुणी नसलं तरी सांगते.

घराची विहीर मागच्या अंगणात होती. दोर सोडायचा, मला बुडवायचं, कप्पीवरून वर ओढायचं. असं मी आठ वर्षं केलं. काम झालं की सुतार मला विहिरीशेजारी जमिनीवर पालथी घालायचा. ही त्याच्या वडिलांनी लावलेली शिस्त. "बादली उघडी दिसता कामा नये. धूळ पडते," असं तो सगळ्यांना बजावायचा. शेजारच्या बादलीत पाचोळा साचायचा, मी मात्र आतून लख्ख! मला त्याचा भारी तोरा होता. अंगणात कोंबड्या फिरायच्या, माझ्या भोवतीच्या ओल्या मातीत टोचायच्या. टोचेनात का. माझं काय जात होतं?

मग चिमणीचं पोट बिघडायला लागलं. दोन महिन्यांत तीनदा. तिसऱ्या वेळी पोर इतकी गळून गेली की तिला हाक मारली तरी नुसती बघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी एकदा असं झालं तर जड जाईल. आधी पाणी तपासून घ्या."

आणि ती आली! कोण? बाटली. टीचभर उंची, काचेची, तळाशी चिमूटभर औषध. आरोग्य केंद्रातल्या ताई तिला पिशवीतून घेऊन आल्या. पाणी माझ्यातूनच भरलं, पण थाट सगळा तिचा. ताई म्हणाल्या, "झाकणाला आतून बोट लावू नका. आणि आधी साबणानं हात धुवा." चिमणीच्या आईनं कोपरापर्यंत हात धुतले. मग बाटली मऊ फडक्यात गुंडाळून चुलीजवळच्या उबदार फळीवर ठेवली.

आठ वर्षांत मला हात लावायच्या आधी कुणी हात धुतले होते का? कोंबड्यांचं खुराडं साफ करून तसेच मातकट हातांनी माझी कडी धरायचे. आणि ही कानामागून आली नि तिखट झाली!

दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट पडली. म्हणजे पाण्यात घाणीतले जंतू होते. ताईंनी सांगितलं, प्यायचं पाणी खळखळून उकळा आणि विहिरीत ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडा. सुतारानं पावडर वेगळ्या डब्यात कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ तेवढं विहिरीत ओतलं. दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीला कुणी हात लावला नाही. मग वास जाईपर्यंत पाणी उपसलं. उपसलं कुणी? मी! कौतुक कुणाचं? त्या बाटलीचं!

आठवड्यानं परत बाटली भरली. परत काळी.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सुतार चिडून म्हणाला, "बाटलीच खोटी आहे. आमचे वडील हेच पाणी पिऊन म्हातारे झाले. बंद करा ते उकळणं."

"पोरीकडे बघा आधी," चिमणीची आई म्हणाली. "पाणी उकळूनच प्यायचं. बाटली खोटी निघाली तर सरपण वाया जाईल. तुम्ही खोटे निघालात तर?"

सुतार सरपण फोडायला उठला. मी मात्र मनातून बाटलीला फोडून टाकत होते.

ताई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी बाटली काढलीच नाही. विहिरीच्या कठड्याला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. "नेहमीसारखं पाणी काढा," म्हणाल्या. सुतारानं पाणी काढलं आणि शिस्तीत मला पालथी घातलं. दोर शेजारी टाकला. एक कोंबडी आली, दोराजवळ घाण करून निघून गेली.

ताईंनी मला उचललं. ओल्या मातीवर माझ्या काठाचा गोल उमटला होता. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि सुताराला दाखवलं. बोटाला काय लागलं होतं ते सांगायला मला आजही लाज वाटते.

"धूळ पडू नये म्हणून पालथी घालता, हो ना?" ताई म्हणाल्या. "मग हा काठ रोज कुठं बुडतो?"

तरी सुताराला पटेना. मग विहिरीत पुन्हा ते पावडरचं औषध सोडलं आणि मला बाजूला ठेवलं. त्या आठवड्यात उकळत्या पाण्यात धुतलेल्या डब्याला नवा दोर बांधून पाणी काढलं. औषधाचा वास पार गेल्यावर ताईंनी दोन बाटल्या मागवल्या. एकीत डब्यातलं पाणी भरलं. तेच पाणी माझ्यात ओतलं, खळबळवलं आणि दुसरीत भरलं.

दोन दिवसांनी पहिली बाटली जशीच्या तशी नितळ होती. माझी काळी.

चिमणीला आजारी पाडणारी मीच होते. ज्या बाटलीवर मी जळत होते, तिनं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

सुतारानं मला भंगारात टाकायला उचललं. "टाका," चिमणीची आई म्हणाली, "आणि नवी आणून तीही पालथी घाला!" त्यावर सुतार कितीतरी दिवसांनी हसला. त्यानं कठड्यावर खांब रोवून माझ्यासाठी आकडा ठोकला. विहिरीला फळ्यांचं झाकण केलं. कोंबड्यांना कुंपण घातलं. मला घासून, औषधाच्या पाण्यानं धुऊन वर टांगलं. चिमणी हळूहळू बरी झाली.

बाटली अजूनही वर्षातून दोनदा येते. तिचा थाट तोच. माझ्या कपाळाला आठी पडते, नाही असं नाही. पण हल्ली मी तिच्याकडे बघत राहते आणि ती नितळ राहू दे म्हणून धावा करते.

मित्रांनो, आम्हा बादल्यांना जमिनीवर ठेवू नका, पालथी तर नकोच. आकड्याला टांगा, दोरसुद्धा. आणि पाणी वरून स्वच्छ दिसलं म्हणून विश्वास टाकू नका. मीही आतून लख्खच दिसत होते.

परवाचीच गोष्ट. चिमणी मोरीपाशी साबणानं हात धूत होती, अगदी कोपरापर्यंत. मी म्हटलं, आली वाटतं ती महाराणी! मी चुलीजवळच्या फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. चिमणी ओले हात झटकत अंगणात आली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं आकड्यावरून मला काढलं.